घरात बोलली जाणारी भाषा : इतर

आई फोनवर म्हणाली, "मी छान आहे. तू कसा आहेस?" आणि माझ्या हातातला चहा डचमळून शर्टावर सांडला.

यात सांडण्यासारखं काय होतं, असं कुणालाही वाटेल. म्हणून सांगतो. माझी आई दर्यापूरजवळच्या एका खेड्यातली. तिच्या तोंडून 'आहे' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तिचं 'हाय' असायचं. 'छान' तर आमच्या गावात कुणी म्हटलंच, तर त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आई फोन उचलायची तोच मुळी "काय म्हन्तं बाप्पा, जेवला का?" असं म्हणत, आणि मग मला 'हॅलो' म्हणायची संधी पुढची वीस मिनिटं मिळायची नाही.

"आई, शेजारी कोणी बसलंय का?" मी विचारलं.

"नाही रे. का?"

'काहून' नाही. 'का'!

चौकशी केल्यावर कळलं ते असं. बाबा गेल्यावर माझा थोरला भाऊ श्रीराम, आता पुरता पुणेकर झालेला, तिला पुण्याला घेऊन गेला. सोसायटी चांगली, बायका चांगल्या, संध्याकाळी बागेत भजन. एकदा लिफ्टमध्ये आईनं कुणाला तरी जरा सरकायला सांगितलं. बायका इतक्या हसल्या, की लिफ्ट आपल्या मजल्यावरून पुढे गेल्याचं कुणाला कळलं नाही.

"वाईट नाहीत रे त्या. कौतुकानंच हसतात," आई म्हणाली. "पण मग मीच म्हटलं, कशाला?"

तिनं लिफ्टमधलं स्वतःचं वाक्यसुद्धा मला भाषांतर करून सांगितलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या दिवशी मी ऑफिसच्या तीन मीटिंगांत एक शब्द बोललो नाही. मॅनेजरनं माझ्या एकाग्रतेची स्तुती केली.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर मी घोषणा केली, "उद्यापासून या घरात जेवताना फक्त वऱ्हाडी बोलायची."

घर म्हणजे तिघांचं. आम्ही नुकतेच न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आलो होतो. खोकी अजून उघडायची होती. माझी बायको आसावरी कोथरूडची. तिनं शांतपणे विचारलं, "पोळीला काय म्हणायचं?"

"पोयी."

"आणि भाजीला?"

"भाजीच."

"मग अर्धं काम झालंच की," ती म्हणाली आणि वरण वाढू लागली.

आमची मुलगी नेत्रा तिसरीत जाणार होती. तिला मराठी समजते सगळी, उत्तरं ती इंग्रजीत देते. "बाबा, इज धिस अ प्रँक?" असं तिनं विचारलं. मी तिला समजावलं, की ही आजीची भाषा आहे, आजीशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नाहीये, आपण शिकलो तर आजीला बरं वाटेल. तिनं पोळीकडे बोट दाखवून विचारलं, "पोयी? नॉट पोळी? म्हणजे वऱ्हाडीत तो 'ळ' नाहीच?"

"नाही. शाळा म्हणजे शाया. डोळे म्हणजे डोये."

नेत्राच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी तिच्या वाढदिवसालाही पाहिला नव्हता. जन्मल्यापासून त्या 'ळ'नं तिच्या जिभेला छळलं होतं. "बेस्ट लँग्वेज एव्हर!" असं ओरडून तिनं माझ्या प्रकल्पाला पाठिंबा जाहीर केला.

गोची निघाली ती भलतीकडेच. भाषा शिकवणाऱ्यालाच भाषा येईना. पुण्याचं कॉलेज, मुंबईतली नोकरी, मग इथलं मास्टर्स, मग एडिसन. वाटेत कुठे कुठे काय सांडत आलो होतो कुणास ठाऊक. टोमॅटो हातात धरून मी ओट्यापाशी उभा. याला आमच्याकडे काय म्हणायचे? टमाटर नव्हे, त्याच्या आधीचा, आईचा शब्द. आठवेना. दोन दिवस आम्ही टोमॅटो खाल्ला नाही, कारण नाव नसलेला पदार्थ वऱ्हाडी टेबलावर ठेवायचा कसा? शेवटी ऑफिसला जाताना टोलवेवर, शेजारून ट्रक जात असताना, शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडला. "भेदरं!" मी गाडीत एकटाच ओरडलो. तिथूनच आसावरीला फोन लावला.

"भेदरं!"

"कशाला भेदरलास? पोलीस आहे का मागे?" ती म्हणाली.

शेजाऱ्यांना ही बातमी लागायला वेळ लागला नाही. दोन घरं सोडून प्रल्हाद राहतो. तो नागपूरचा. मला वाटलं, हा तरी आपला माणूस. गवत कापायचं मशीन बंद करून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ते तुमच्या खेड्यातलं यार. नागपुरात आम्ही असं बोलत नाही."

"मग कसं बोलता?"

"नॉर्मल. आता कसा बोलून राहिलो मी तुझ्याशी?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मशीन सुरू केलं.

मग सल्ला आला तो सुलेखाकाकूंचा. इथल्या महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा त्या चालवतात, आणि निष्ठेनं चालवतात. या भागातल्या निम्म्या पोरांना 'ळ' म्हणता येतो तो त्यांच्यामुळे. त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावून नेत्राचं शुद्धलेखन दाखवलं. 'काळा कावळा बाभळीवर बसला' या वाक्याचं तिनं 'काया कावया बाभयीवर बसला' असं करून खाली स्वतःच स्मायली काढली होती.

"गुरुनाथ, एवढे कष्ट घेते रे मी," काकूंचा आवाज खरोखर कापत होता. "आधी प्रमाण मराठी पक्की होऊ दे. बोली म्हणजे लोणचं. डाव्या बाजूला थोडं शोभतं. लोणच्यावर कुणी जेवतं का?"

मला उत्तर सुचलं, पण ते वऱ्हाडीतून सुचलं, आणि वडीलधाऱ्या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

इथवर मामला घरगुती होता. तो सरकारी झाला नव्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी. टेक्ससमध्ये शाळेत नाव घालताना एक प्रश्न विचारतात : घरात मुख्यतः कोणती भाषा बोलली जाते? प्रल्हादनं आधीच बजावलं होतं, "तिथं डोळे मिटून इंग्लिश लिही. सगळे तेच लिहितात. दुसरं काही लिहिलं, की लफडं."

पण मी प्रश्नासमोर बसलो आणि मला आईचा 'छान' ऐकू आला. पुण्याच्या लिफ्टमध्ये जी भाषा खाली उतरली होती, तिची निदान टेक्ससच्या दफ्तरात तरी नोंद होऊ दे. मी खणखणीत लिहिलं : वऱ्हाडी.

काउंटरवरच्या बाईंनी चष्मा सावरला. त्यांच्या कॉम्प्युटरच्या यादीत जगभरातल्या भाषा होत्या. वऱ्हाडी नव्हती. "बिहारी?" त्यांनी आशेनं विचारलं. मी नाही म्हटलं. "स्वाहिली?" मी वऱ्हाडचा भूगोल सांगू लागलो. मागे रांग वाढत होती. मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला, तेव्हा मी कापसाच्या काळ्या मातीपर्यंत आलो होतो. बाईंनी गोड हसून 'इतर' या शब्दावर क्लिक केलं.

'इतर' लिहिलं की मुलीची इंग्रजीची परीक्षा होते, हा नियम. मला त्याची काळजी नव्हती. नेत्रा झोपेतसुद्धा इंग्रजी बोलते. पण परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीला गप्पा मारताना तिला विचारलं, "घरी तुम्ही कोणती भाषा बोलता?" आणि माझ्या लेकीनं प्रामाणिकपणे ती बोलून दाखवायचं ठरवलं. टोमॅटोचं चित्र आलं : भेदरं. शाळेचं आलं : शाया. मॅडम पुढे जायला सांगत राहिल्या, ही आनंदानं वऱ्हाडीत पुढे जात राहिली.

आठवड्याभरात ईमेल आला. मुलीला इंग्रजीसाठी विशेष मदतीची गरज आहे, पालकांनी भेटीला यावं, दुभाषा पुरवला जाईल.

आसावरीनं ईमेल दोनदा वाचला. ती काही बोलली नाही. पुण्याच्या माणसानं काही न बोलणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक.

भेटीच्या दिवशी मी टाय घातला आणि आसावरीला घेऊन शाळेत गेलो. खोलीत नेत्राच्या वर्गशिक्षिका होत्या, टेबलावर स्पीकरफोन होता. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत सांगितलं, की मला दुभाष्याची गरज नाही, मी याच देशात मास्टर्स केलंय, मी रोज अमेरिकन लोकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतो.

"तुमचं इंग्रजी फारच सुंदर आहे," शिक्षिका हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या आणि फोनचं बटण दाबलं.

पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला. वऱ्हाडी दुभाषा अर्थातच नव्हता, जवळची म्हणून मराठी दिली होती. "नमस्कार. मी आपली दुभाषी. आपल्या पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीविषयी शिक्षिका आपल्याशी संवाद साधू इच्छितात."

झालं. मी टाय घालून खुर्चीत बसलोय, शिक्षिका इंग्रजीत बोलतायत, मला ते कळतंय, आणि तेच पुन्हा शासकीय मराठीत मला ऐकवलं जातंय. मी आसावरीकडे वळून पुटपुटलो, "लय फजिती झाली व माय. आता काय कराव?"

फोनमधला आवाज थांबला.

शिक्षिकांनी फोनकडे बघितलं. मीही बघितलं. फोनमधून अगदी खालच्या सुरात आलं, "तुमी कोनत्या गावचे वो?"

मी खुर्ची फोनजवळ सरकवली. "दर्यापूरपाशी," मी म्हटलं.

"माय वो! मी अंजनगावची. आमचा पानमया होता."

"काय म्हणतायत त्या?" शिक्षिकांनी विचारलं.

बाई तत्काळ कडक इंग्रजीत म्हणाल्या, "दुभाषी एका शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेत आहे." आणि लगेच माझ्याकडे, "आंबाडीची भाजी भेटते का तुमच्याकडं?"

"भेटते न. तेलुगू दुकानात. गोंगुरा म्हन्तेत तिले."

"हो का! मी इकडं किती हुडकली. गोंगुरा होय ते..." मग म्हणाल्या, "आमचे हे गेले तवापासून हे बोलनं नाही बाप्पा. पोरं इंग्रजी बोलतेत. बोलाव कोनासंग? कवा कवा कुकरसंग बोलाव लागते."

मी हसलो. हसता हसता टायच्या टोकानं डोळे पुसले. आसावरीनं टेबलाखालून माझा हात धरला. शिक्षिकांना वाटलं, मुलीच्या निकालानं बाप हळवा झालाय. त्यांनी टिश्यूचा खोका पुढे सरकवला आणि आपण होऊनच नेत्राची पुन्हा परीक्षा घेऊ असं सांगितलं. बाईंनी त्याचं भाषांतर केलं, "डबल परीक्षा घेऊ म्हन्ते. बाई मनाची चांगली दिसते."

मी नाव विचारलं. निदान शहर? "नियम हाय भाऊ. नाव नाही सांगता येत, नंबर नाही देता येत. नोकरी जाते." मग घसा साफ करून, पुन्हा त्या परक्या आवाजात, त्यांनी दुभाषी म्हणून आपला क्रमांक सांगितला आणि फोन बंद झाला. तो क्रमांक मी लिहून घ्यायला हवा होता. माझ्या हातात टिश्यू होता.

यानंतर मी जे केलं ते एका शिकल्यासवरल्या इंजिनिअरला न शोभणारं होतं. जिथे जिथे दुभाषा मागता येतो तिथे तिथे मी तो मागू लागलो. दाताच्या दवाखान्यात मागितला. तोंड उघडं, तोंडात डॉक्टरांचे दोन हात, आणि फोनवरून मुंबईचा एक मुलगा मला गुळणी करायला सांगतोय. विम्याच्या कंपनीला फोन करून मराठी मागितली, तर एक सुरतेच्या बाई मिळाल्या. त्यांना मराठी येत नव्हती, पण त्यांनी माझी फार आस्थेनं चौकशी केली. अंजनगाव काही पुन्हा लागलं नाही. शेवटी दवाखान्याच्या फोनवरचा तो मुंबईचा मुलगाच दुसऱ्यांदा भेटला आणि म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

मला काय पाहिजे होतं ते कुठल्याच दुभाष्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी तो नाद सोडला.

नेत्रा दुसऱ्या परीक्षेत अर्थातच पास झाली. शाळेचं प्रकरण मिटलं तसा सुलेखाकाकूंचा राग निवळला, आणि मोठ्या मनानं त्यांनी तोडगा सुचवला. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात नेत्रानं वऱ्हाडीत चार वाक्यं बोलावीत. "लोकांना आवडेल. वऱ्हाडी म्हणजे कशी, एकदम खुसखुशीत!"

नेत्रानं स्वतः ठरवलं काय बोलायचं ते. परकर-पोलकं घालून ती माइकसमोर उभी राहिली. "माह्या आजीचं नाव शोभना हाय," ती म्हणाली. सभागृहात खसखस पिकली. "आजी पुन्याले रायते." मोठा हशा. "माह्या आजीले बोलाले कोनी नाही."

लोक हसून हसून वाकले. प्रल्हादनं शिट्टी मारली. सुलेखाकाकू डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ते वाक्य सुरू व्हायच्या आधीच त्यांचं हसू सुरू झालं होतं, इतकंच.

परत येताना गाडीत नेत्रा म्हणाली, "बाबा, दॅट वॉझंट द फनी पार्ट."

"नव्हताच," मी म्हटलं.

"मग ते का हसले?"

आसावरीनं मागे वळून तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "उलशीक पानी पी. दमली तू." एक अक्षरही न चुकता. ती कधी शिकली, मला माहीत नाही.

मी मनातल्या मनात प्रकल्प बंद केला. पोरीला कशाला या भानगडीत ओढायचं? आईनं पुण्यात जे ठरवलं होतं, तेच मीही टेक्ससमध्ये ठरवलं : कशाला?

दुसऱ्या दिवशी रविवार. आमची सकाळ, पुण्याची संध्याकाळ. मी आईला फोन लावला, "कशी आहेस?" विचारलं, "छान आहे," ऐकलं, आणि हवापाण्यावर आलो. मागे टाळांचा आवाज येत होता. ती बागेत होती, भजनाच्या बायका जमत होत्या. नेत्रा कॉर्नफ्लेक्सचा बोल घेऊन आली आणि तिनं माझ्या हातातून फोन काढून घेऊन स्पीकरवर टाकला.

"आजी, मी जेऊन रायलो."

टाळ तेवढे वाजत होते.

"काय म्हटलं?" आईचा आवाज आला.

"मी जेऊन रायलो. तू जेवली का?"

"रायलो नाही व माय!" आई एकदम म्हणाली. "रायली म्हन. तू पोरगी होय न?"

"पण बाबा रायलो म्हणतो."

"तुहा बाप गडी हाय, तो रायलो म्हनन. तू काहून रायलो म्हन्तं? जेऊन रायली, येऊन रायली, खेयून रायली. म्हन बरं."

मी आसावरीकडे बघितलं. आसावरी माझ्याकडे. या घरात वऱ्हाडी बोलणारा पुरुष एकटा मी, माझ्याकडून शिकून शिकून पोरगी इतके दिवस पुरुषासारखी बोलत होती आणि आम्हा दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. "मला वाटलं, तुमच्यात असंच असतं," आसावरी कुजबुजली.

"जेऊन रायली," नेत्रा म्हणाली.

"हाव! आता कशी बोलली माही बाय! काय जेऊन रायली?"

"कॉर्नफ्लेक्स."

"ते काय जेवन होय का? तुह्या बापाले फोन दे इकडं." आणि मी फोनजवळ जायच्या आतच ती सुरू झाली. "काय रे गुरुनाथ, पोरीले पोट्टं करून ठेवलं का तू? पोरगी कशी बोलते, तुले ध्यान नाही? लेकराले सकायी सकायी कोल्डं-सुकं खाऊ घालता? अन् आवाज काहून बारीक झाला तुहा? सर्दी हाय का?"

ती माझ्यावर ओरडत होती, आणि ते ओरडणं थांबू नये एवढंच मला वाटत होतं. नेत्रानं फोन परत ओढून घेतला आणि आपल्या खुर्चीत मांडी घालून बसली. तिला आजीला बरंच काही विचारायचं होतं.

मागून एका बाईचा गोड पुणेरी आवाज आला, "शोभनाकाकू, चला ना, सगळ्या थांबल्यात तुमच्यासाठी."

"अवो, थांबा न बाई उलश्या," आई म्हणाली, "मी माह्या नातीसंग बोलून रायली."